आकाश म्हणताना हात किती वर न्यावेत

मुक्काम : एका फार मोठ्या नॅशनल पार्कातली एक फार लहान खोली
(पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते वाचता वाचता कळेल.)

तीर्थस्वरूप रत्नाबाईस,
धाकट्या भावाचा वाकून जय भीम.

टक्-टाक्-टाक्, टक्-टाक्-टाक्, टक्-टाक्-टाक्, टक्-टाक्-टाक्. आलं का ऐकू? (तुझ्या कानांची तक्रार मला माहीत आहे, पण हा आवाज कानाने ऐकायचा नाहीच.) वानखडे गुरुजी पत्र्याच्या पेटीवर रुळाने ठेका धरायचे तो हा आवाज. एका खोलीत चार वर्ग, तू चौथीच्या रांगेत, मी दुसरीच्या, आणि सगळ्यांना मिळून एकच भुजंगप्रयात : लगागा लगागा लगागा लगागा. ठेका चुकला की रूळ पेटीवरून उठून आपल्या पाठीवर यायचा, पण वृत्त तेच ठेवायचा. बाई, सगळं आयुष्य वीज मंडळात लोकांचे मीटर वाचण्यात गेलं, आणि म्हातारपणी अमेरिकेच्या डोंगरात येऊन तोच आवाज आकाशातून ऐकला. इथलं हेलिकॉप्टर सुरू होताना त्याची पाती पहिली दोन मिनिटं शुद्ध भुजंगप्रयातात फिरतात. पुढे वेग वाढला की सगळं गद्य होतं. मी हे इथल्या पायलटला समजावून सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला पाणी प्यायला दिलं.

असो. तुझे गुडघे कसे आहेत? तुझी शोभना तुला फिरायला नेते की अमेरिकेत आणून पिस्कॅटवेच्या त्या सोफ्यावरच बसवून ठेवते? जावईबापूंना जय भीम सांग. पोटाचं पथ्य पाळ. माझी तब्येत उत्तम आहे. इथे तर ती दोनदा तपासून झाली, त्यातली एकदा माझी इच्छा नसताना, स्ट्रेचरवर झोपवून. पण क्रमाने सांगतो, नाही तर तू म्हणशील की सुखदेवला शेपटाकडून गाय दाखवायची सवयच आहे.

मी इथे स्वतःहून आलेलो नाही, मला पाठवण्यात आलं आहे. तुला आपली प्रणिता आठवते ती हर्नडनच्या घरात काचेच्या टेबलाखाली लपणारी. ती इंजिनियरिंग संपल्यावर 'आबा, फक्त एक समर' म्हणून ह्या पार्कात हेलिकॉप्टरच्या तुकडीत कामाला आली. एका समरचे तीन झाले. हे लोक दर उन्हाळ्यात इथे राहतात. जंगलात वीज पडून आग लागली की हेलिकॉप्टरमधून तिथे उतरायचं आणि ती विझवायची. कुणी डोंगरात पडलं, हरवलं, अडकलं, की त्याला उचलून आणायचं. आता तिथल्या मुख्य बाईंनी तिला कायमची जागा देऊ केली आहे, आणि येत्या शुक्रवारपर्यंत तिने हो की नाही ते सांगायचं आहे. हे ऐकल्यापासून तिच्या बापाने, भूषणने, हर्नडनमध्ये जेवण टाकलं. (म्हणजे रात्रीचं. दुपारचं ऑफिसात फुकट असतं.) तुला माहीतच आहे, आपला बुद्धभूषण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्याने केलेल्या कामात चूक शोधायची ह्याचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो तेच काम बिनपगारी करतो. त्याने मला विमानात बसवलं आणि काय काय बोलायचं ते पाठ करून घेतलं : एक, पोरीने मास्टर्स करावं, दोन, वय निघून जातं, तीन, आपल्या घराण्यात कुणी हेलिकॉप्टरला लटकलेलं नाही. 'बाबा, ती तुमचं ऐकते,' म्हणाला. मी म्हटलं, ऐकते ती, पण मग मी बोलायचं विसरतो, त्याचं काय? तो म्हणाला, 'बाबा, प्लीज. फोकस.'

आणि बाई, मी इथे उतरलो आणि विसरलो. काय सांगू तुला! आपण लहानपणी मोठं म्हणजे काय पाहिलं होतं? गावचा तलाव, जिनिंगची चिमणी. इथे सकाळी दार उघडलं की समोर एक अखंड दगड उभा असतो, करड्या रंगाचा, आणि तो बघायला मान इतकी मागे न्यावी लागते की टोपी पडते. पहिल्या दिवशी मला वाटलं की वर ढग आहेत. मग ढग बाजूला झाले आणि ढगांच्याही वर दगडच निघाला. झाडं अशी की एकेका खोडाभोवती आपली अख्खी शाळा हात धरून उभी राहिली असती तर कदाचित गुरुजींनाही रांगेत घ्यावं लागलं असतं. आणि शांतता. ती रिकामी नाही वाटत. कुणीतरी फार मोठा माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो आहे, तशी ती वाटते. मी रोज सकाळी अंगणात नुसता उभा राहतो. प्रणिता म्हणते, 'आबा, तोंड बंद करा, इथे माश्या खूप आहेत.'

ती राहते त्या खोलीपासून खाली थोडं चालत गेलं की त्यांचा तळ. एक शेड, एक सपाट पांढरा चौकोन, आणि त्यावर ते हेलिकॉप्टर, उन्हात झोपलेल्या चतुरासारखं. मला वाटलं होतं की हे लोक सतत उडत असतील. छे! दिवसभर झाडतात, दोर तपासतात, जाळ्या घड्या करतात आणि वजन करतात. वजनाचं तर वेड आहे. हेलिकॉप्टरमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू काट्यावर चढते : माणूस, बूट, पाण्याची बाटली, सगळं. डोंगरावर हवा विरळ, ऊन वाढलं की आणखी विरळ, त्यामुळे दोन किलो इकडचे तिकडे झाले तर यंत्र कुरकुरतं म्हणे. मी पाहुणा, मला कुठे उडायचं नव्हतं, पण रांगेत उभा होतो म्हणून मलाही काट्यावर घेतलं. आकडा बघून मुख्य बाईंनी भुवया वर केल्या. प्रणिताने माझे खिसे चाचपले आणि नागपूरची संत्रा बर्फी निघाली. 'आबा!' म्हणाली, 'हे काय, इमर्जन्सी सप्लाय?' मग त्या बर्फीचं वेगळं वजन झालं, आणि त्यानंतर ते लगेच कमीही झालं, कारण तुकडीने ती तिथेच संपवली.

ह्या मुख्य बाई म्हणजे मार्सी. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने भाजलेल्या, आणि बोलताना एक शब्द जास्त खर्च न करणाऱ्या. (त्यांच्याकडे बघून मला तुझी आठवण येते. राग मानू नकोस.) आपलं आडनाव त्यांना जमत नाही, गजभियेचं त्यांनी 'मिस्टर गॅजबी' केलं. त्यांनी मला नियम सांगितले : पांढऱ्या चौकोनाजवळ टोपी नको, उपरणं नको, उडेल असं काहीही नको. मी विचारलं, 'कविता चालेल?' प्रणिताने भाषांतर करायला नकार दिला. तिने केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आता मुख्य गोष्ट. ती वाचताना पाणी जवळ ठेव.

गेल्या गुरुवारी सकाळी प्रणिता अंधारातच निघून गेली. आदल्या दिवसापासून एक बाई डोंगरात हरवली होती, एकटीच चढायला गेलेली, लाल जाकीट घातलेली. मला हे काहीही माहीत नव्हतं. (मला उठवू नये म्हणून पोरगी चपला हातात घेऊन गेली होती. संस्कार कधीकधी असे नडतात.) मी उठलो, चहा केला, तू विणलेला मरून स्वेटर चढवला आणि खोलीच्या वरच्या अंगाला एक सपाट खडक आहे तिथे जाऊन उभा राहिलो. खाली दरीत धुकं, वर निळं, इतकं निळं की डोळ्यात पाणी आलं. आणि बाई, त्या निळ्याकडे बघता बघता माझ्या तोंडून आपोआप गुरुजींची ती कविता निघाली, दुष्काळाच्या साली त्यांनी स्वतः रचलेली, आपल्याकडून रोज प्रार्थनेनंतर म्हणवून घ्यायचे ती :

कुणी ठोकले हे निळे थोर डेरे?
ढगा, हाक देतो, जरा खालि ये रे!

आता तू मला सांग. आपल्या शाळेत शिकलेल्या कोणत्या माणसाला हात खिशात घालून कविता म्हणता येईल? गुरुजींचा दंडकच होता : साभिनय! 'निळे थोर डेरे' म्हणताना दोन्ही हात वर, फाकवून, बोटं ताणून, कारण आकाश बारकं दाखवलं तर रूळ ठरलेला. 'ये रे' म्हणताना हात आडवे पसरून, तळवे खाली, आणि खाली-वर, खाली-वर, ढगाला थोपटून खाली घ्यावं तसे. मी तसंच केलं. एकदा म्हटली, समाधान झालं नाही, पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना लांबून टक्-टाक्-टाक् आलं. मला वाटलं, गुरुजी आले.

आले ते हेलिकॉप्टर. कड्यामागून बाहेर पडलं, चमकलं, आणि माझ्या बाजूला वळलं. माझ्या मनात काय आलं असेल? आलं की आपली नात त्यात आहे, तिने आबांना ओळखलं, आणि ती भेटायला येते आहे. ऊर भरून आला, बाई. मी आणखी मोठ्याने म्हणू लागलो. 'निळे थोर डेरे', हात वर. 'खालि ये रे', हात खाली. आणि ते खरंच खाली येऊ लागलं! सबंध आयुष्यात माझी कविता ऐकून माणसं उठून गेली आहेत. कुणी खाली आलं ते हे पहिलंच.

पुढचं मला नंतर प्रणिताने शिकवलं, ते तुलाही सांगून ठेवतो, कधी डोंगरात गेलीस तर उपयोगी पडेल. दोन्ही हात वर आणि फाकवलेले, म्हणजे आकाशातल्या माणसासाठी एकच अर्थ : 'हो, मदत पाहिजे.' आडवे हात, तळवे खाली, खाली-वर केले की : 'इथे उतरा.' म्हणजे त्या दुष्काळात वानखडे गुरुजी आपल्या साठ-सत्तर पोरांकडून रोज सकाळी बिनचूक आंतरराष्ट्रीय खुणा करवून घेत होते. ढगांना त्या वाचता येत नव्हत्या, एवढंच. आणि वरून बघणाऱ्यांना काय दिसलं? आदल्या दिवसापासून हरवलेल्या माणसाच्या शोधात असताना, लालसर कपड्यातलं कुणीतरी, खडकावर एकटं, मदत मागतं आहे आणि उतरा म्हणतं आहे.

हेलिकॉप्टर जवळ आलं तेव्हा जे वारं सुटलं, ते मी वर्णन करू शकत नाही. माझी टोपी गेली. (ती अजून सापडलेली नाही. कॅनडात असावी.) चहाचा कप गेला. मी घाबरून दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि खाली बसलो. वर कुणीतरी लगेच रेडिओवर सांगितलं म्हणे, 'पेशंट कोसळला.' शेजारच्या कुरणात ते उतरलं आणि पिवळे शर्ट घातलेली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वाकून धावत आली. त्यांनी एक शब्द न विचारता मला आडवं केलं, एकाने नाडी धरली, दुसऱ्याने डोळ्यात बॅटरी मारली. बॅटरीमागच्या हेल्मेटमधून आवाज आला :

'आबा??'

'आलीस बेटा,' मी म्हटलं.

'आबा, छातीत दुखतंय? श्वास घेता येतोय? डोंट मूव्ह!'

'काही दुखत नाही गं. मी कविता म्हणत होतो.'

बॅटरी विझली. नाडी धरणाऱ्या मार्सी होत्या. त्यांनी विचारलं, 'व्हॉट डिड ही से?' प्रणिताने डोळे मिटले. 'ही सेज,' ती म्हणाली, 'ही वॉज रिसाइटिंग अ पोएम.' मार्सींनी माझ्याकडे बघितलं, खडकाकडे बघितलं. 'विथ हिज आर्म्स?' प्रणिता म्हणाली, 'इट्स अ स्कूल थिंग.' मार्सींनी माझा हात अलगद खाली ठेवला, रेडिओ तोंडाशी नेला, आणि फार जपून, एकेक शब्द उच्चारत कळवलं की सापडलेली व्यक्ती ती व्यक्ती नाही. मग मला उठवून बसवलं, नाडी पुन्हा एकदा बघितली (त्यांची पद्धत आहे), आणि दोघी पळत गेल्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही. तू बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

इथून पुढे मला हसू येत नाही. तळावर आलो तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं की हरवलेल्या बाईंना शोधायला सकाळचीच वेळ होती. दुपारनंतर दरीत ढग भरतात आणि मग उडता येत नाही. त्यातला चांगला मोठा तुकडा मी कवितेत घालवला होता. तेलही पुन्हा भरावं लागलं. मी कुंपणाशी एका लाकडी ओंडक्यावर बसलो. भूषणने पाठ करून दिलेलं काही आठवेना, गुरुजींची कविता आठवली की तोंड कडू व्हायचं. दरीत खालून ढग चढत होते. जन्मात एवढी भीती मला फक्त भूषणच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी वाटली होती. तेव्हा तू शेजारी होतीस.

आणि मग ते आलं. आधी आवाज, मग कड्याच्या टोकाशी हेलिकॉप्टर, एवढंसं, चिलटाएवढं. त्याच्या पोटाखालून एक दोर लोंबत होता, लांबच लांब, आणि दोराच्या टोकाला एक ठिपका. मी शेजारच्याला विचारलं, ते सामान आहे का? तो म्हणाला, 'नो सर. दॅट्स प्रणिता. अँड द लेडी.'

बाई, मी पाहिलं. माझी नात त्या दगडाच्या समोरून आकाशातून जात होती. तिच्या खाली हजार-दीड हजार हात नुसती हवा. एका हाताने तिने त्या बाईंना छातीशी धरलं होतं, दुसरा हात पसरलेला, वाऱ्यात गिरकी बसू नये म्हणून, पक्षी तोल सांभाळतो तसा. एवढा मोठा दगड तिच्यामागे उभा होता आणि तोसुद्धा मला बघणाऱ्यासारखा वाटला. आपला बाप दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ पसरून उभा राहायचा, हे तूच मला सांगितलंस. त्याची पणती आकाशातून एक माणूस ओंजळीत घेऊन येत होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. म्हटलं, आता एक बोट हललं तरी त्याचा काहीतरी अर्थ होईल. पांढऱ्या चौकोनावर त्या दोघी इतक्या हळू टेकल्या, की आपण झोपलेलं मूल खाली ठेवतो ना, अगदी तशा. त्या बाईंचा पाय मोडला होता, बाकी सगळं शाबूत. त्यांना नेलं. आणि पंधरा मिनिटांत ढगाने दरी भरली.

संध्याकाळी मार्सी आमच्या दारात आल्या. मी उभा राहिलो. (तुझ्यासमोर राहतो तसा.) म्हणाल्या, 'मिस्टर गॅजबी. टुमॉरो. सेव्हन. ब्रीफिंग. ब्रिंग द पोएम.' मी रात्रभर इंग्रजीत माफी जुळवली. सकाळी गेलो तर सगळी तुकडी ओळीने उभी, पायलटसुद्धा. मार्सी म्हणाल्या की वरून माणूस बघितला की तो मदत मागतो आहे की दुसरं काही करतो आहे, हे ओळखायला शिकणं हे आपलं काम आहे, तेव्हा मिस्टर गॅजबी ते 'दुसरं काही' आता करून दाखवतील. बाई, मी करून दाखवलं! आधी घाबरत, मग रंगात. त्यांनी दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा सगळे माझ्याबरोबर करू लागले. कल्पना कर : त्या महापर्वताखाली, सकाळच्या उन्हात, दहा गोरी-काळी-सावळी धिप्पाड माणसं दोन्ही हात वर करून 'निले टोर डेरे' म्हणताहेत, आणि मार्सी रांगेतून फिरत ज्याचा हात वाकडा त्याचा कोपर सरळ करताहेत. रूळ तेवढा नव्हता. शेवटी त्या मला म्हणाल्या, 'ब्यूटिफुल. नेव्हर डू इट आउटसाइड.'

दुपारी मी प्रणिताजवळ जाऊन बसलो. ती तो लांब दोर हाताने चाचपत पिशवीत भरत होती, एकेक वीत, डोळे मिटून. म्हटलं, आता बोलायलाच हवं. सुरुवात केली, 'बेटा, वय निघून जातं.' ती म्हणाली, 'कुणाचं, आबा? तुमचं?' इथेच माझी गाडी रुळावरून घसरली. मी विचारलं, वर लटकताना काय वाटतं गं? मला वाटलं होतं, उंची, आकाश, वारा, असं काही कवितेतलं सांगेल. ती म्हणाली, 'काहीच नाही वाटत. लाइक, खूप शांत असतं. त्या बाईंना सॉलिड भीती वाटत होती ना, त्या म्हणत होत्या, डोंट लेट गो, डोंट लेट गो. मी म्हटलं, मॅम, आय हॅव यू. आणि आबा, ते खरं होतं. माझ्या लाइफमध्ये मी बाकी कुठेच एवढं खरं बोललेले नाहीये.'

मग दोर पिशवीत गेला आणि ती हळूच म्हणाली, 'पण मी मार्सीला नाही म्हणून सांगणार आहे. बाबा फोनवर रडतात यार. ते रडले की मला काही नको असं होतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मनापासून 'राहा' म्हटलं असतं ना... पण ते नाही म्हणणार.' आणि उठून काट्यावर पिशवीचं वजन करायला गेली. पाठमोरी होती, तरी मला कळलं.

तर बाई, असं आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. हवा थंड. जेवणात भाकरी नाही, पण ज्वारीचं पीठ मी बरोबर आणलं आहे. हे पत्र मी गेले तीन दिवस थोडं थोडं लिहितो आहे, कारण इथे मोबाईल लागत नाही आणि टपाल प्रणिताच्या सुट्टीच्या दिवशीच खाली जातं. शोभनाला, जावईबापूंना, पोरांना आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझा,
सुखदेव

ता. क. : स्वेटर उत्तम आहे. त्याचा रंग वरून फार छान दिसतो, असं तुकडीचं एकमत आहे.

ता. क. दुसरा : ज्यासाठी हे पत्र लिहिलं, ते लिहायचं राहूनच गेलं. भूषण सगळ्या जगाच्या चुका काढतो, पण तुझ्यापुढे मान खाली घालतो. नागपुरात तुझ्याकडे राहून, तुझ्या हातचं खाऊन, तुझी बोलणी ऐकून तो इंजिनियर झाला. तू एकदा म्हणालीस, 'पोट्टीला राहू दे,' तर तो राहू देईल. शुक्रवारच्या आत त्याला फोन कर. ऐकू येत नसेल तर तू नुसतं बोल आणि ठेवून दे.

ता. क. तिसरा : एक बारीकशी गोष्ट. परवा मी ऑफिसच्या फोनवरून भूषणशी बोललो. तो रडू लागला, माझाही धीर सुटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की रत्नाबाईचा प्रणिताला पूर्ण पाठिंबा आहे. तू तसं लेखी कळवलं आहेस, असंही निघून गेलं. तो रडायचा थांबला आणि म्हणाला, 'ठीक आहे. मी आत्याला समोरासमोर विचारतो.' टेस्टिंगवाला आहे, त्याला खात्री लागते. पण तू पिस्कॅटवेला, तो हर्नडनला. पुढच्या महिन्याच्या आत काही जमायचं नाही. तोपर्यंत हे पत्र तुला मिळेलच. तेव्हा त्याने विचारलं तर आश्चर्य दाखवू नकोस.

ता. क. चौथा : बाई, बाहेर गाडी थांबली. मला वाटलं, मार्सी. खिडकीतून बघतो तर भूषण! भाड्याची गाडी, चेहरा विमानतळावर झोपलेल्या माणसाचा. तो मागचं दार उघडतो आहे. आधी काठी बाहेर आली. मग पांढरं लुगडं. आणि ही तर तूच आहेस! ह्या गुडघ्यांनी? इतक्या लांब? त्याने तुला काय सांगून आणलं, आणि तू त्याला काय सांगून आलीस? आता तू दारात आहेस, मी टेबलाशी उभ्यानेच लिहितो आहे. तू कडी न वाजवता काठीनेच दार ढकललंस आणि विचारलंस, 'पोट्टी कुठी हाय रे?' ते रागाने विचारलंस की कौतुकाने, हे इतकी वर्षं तुझा भाऊ असूनही मला कळलं नाही. भूषण तुझ्यामागे उभा आहे आणि तोंड उघडण्याच्या बेतात आहे. हे पत्र घडी न घालता तुझ्या हातात देतो. बाकीची पानं राहू देत, एवढीच ओळ वाच : तो जे विचारेल त्याला, बाई, हो म्हण.